पापडाएवढी पट्टी

स्वतःच्या दहा बोटांवर आमच्या फुवांइतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या पश्चिम खानदेशात दुसरा झाला नसेल. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या यजमानांना फुवा. कोणी मिशा जपतो, कोणी जमीनजुमला जपतो. फुवा बोटं जपत. सकाळी आंघोळ झाली की ते अंगणात उभे राहून दोन्ही पंजे उन्हात धरत, उलटेसुलटे करून पाहत आणि सगळी मंडळी जागच्या जागी आहेत अशी खात्री पटली की मगच देवाकडे वळत. नवा माणूस भेटला तर त्याच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या हातांकडे बघत. एखाद्याचं बोट पेरभर आखूड दिसलं की फुवांचा चेहरा सुतकी होई आणि "कसं गयं?" असं ते इतक्या हलक्या आवाजात विचारत, की समोरच्याला आपल्या घरातलं कर्तं माणूस गेल्यासारखं वाटे. एकदा नंदुरबार स्टेशनवर एका अनोळखी पंजाबी फायरमनचं तुटकं बोट पाहून त्यांनी त्याला घरी जेवायला आणलं होतं. त्या बिचाऱ्याचं बोट लहानपणी म्हशीने चावलं होतं, पण फुवांनी त्याला जेवण होईपर्यंत रंध्यापासून सावध राहायचा उपदेश केला.

रंधा म्हणजे सुताराचा लाकूड तासायचा रंधा. फुवांच्या घराच्या मागच्या पडवीत त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं. दुकान म्हणायचं, पण तिथे विकायला काही नव्हतं. एक जाड सागवानी बाक, एक करवत, दोन पटाशा आणि तो रंधा. पडवीच्या तोंडाशी फुवांनी चुन्याची पांढरी रेघ मारली होती. ती ओलांडायची तर आधी बोटातल्या अंगठ्या काढायच्या, बाह्या दुमडायच्या, धोतराचा सोगा खोचायचा आणि शेंडी असली तर टोपीखाली घालायची. शेजारचे मारवाडी शेठ पान खायला सहज डोकावत, तर त्यांनाही सूट नव्हती. शेठजींच्या बोटांत चार ग्रहांची शांती होती. ती सगळी काढून टोपीत ठेवावी लागे, आणि मग ते उघड्या डोक्याने, ग्रहांच्या संरक्षणावाचून, जीव मुठीत धरून पान चघळत बसत. रंधा चालवण्याआधी फुवा कडीला टांगलेली एक जुनी पितळी थाळी ठोकत. बाकाच्या एका कोपऱ्यात हिरवं फडकं आणि दुसऱ्या कोपऱ्यात लाल फडकं अडकवलेलं असे. "इंजिन असो का रंधा," ते म्हणत, "सुटाना पहिले गावले समजाले जोयजे." स्वयंपाकघरातून फुई विचारी, "लाईन किलेर शे का?" आणि फुवा अगदी गंभीरपणे उत्तर देत, "शे."

हे सगळं स्टेशनवरून आलेलं होतं. फुवा नंदुरबारच्या मालधक्क्यावर बाबू होते. कापसाच्या गाठी, भुईमूग, आणि हंगामात मिरचीची पोती यांच्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी तेव्हा नंदुरबारच्या एका शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि त्यांच्याकडेच राहत होतो. माझं घर खांडबाऱ्याला. एकदा मी पडवीत गेलो आणि सहज त्या रंध्याच्या पात्याला बोट लावून पाहिलं, तर फुवांनी माझं मनगट धरून मला बाजूला बसवलं. "दात दिसतस नहीत म्हणी चावत नही आसं नको समजू," ते म्हणाले. मग त्यांनी माझी बोटं एकेक करून तपासली आणि ठीक आहेत म्हणून सांगितलं. मी त्यांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

पण हे प्रेम जन्मजात नव्हतं. चाळिशी उलटून जाईपर्यंत फुवांनी भिंतीत खिळासुद्धा ठोकलेला नव्हता. हे वेड कसं लागलं ते सांगायचं तर आधी मिरचीबद्दल सांगायला हवं.

पौष लागला की नंदुरबारात मिरचीच्या गाड्या यायला लागतात. गावाबाहेरच्या, आणि तेव्हा गावातल्याही, मोकळ्या मैदानांवर ती वाळत घालतात. त्या मैदानांना पथारी म्हणतात. शेठजींची पथारी फुवांच्या घराच्या थेट मागे होती. सकाळी मागचं दार उघडलं की नजर जाईल तिथवर लाल. दिसायला असं सुंदर, की परगावचा माणूस तोंड उघडून बघत राही आणि त्याच उघड्या तोंडाने खोकायला लागे. स्टेशनवर उतरलेला पाहुणा शिंकला की टांगेवाले ओळखत, की हा नवा आहे. फुवांचं नाक मात्र कधीच सेवानिवृत्त झालेलं होतं. पोत्यांवर बसून ते डबा खात.

फुईचं तसं नव्हतं. तिला दम्याचा विकार होता. वारा पथारीवरून घराकडे वळला की तिची छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजायला लागे. म्हणून दर वर्षी संक्रांतीच्या आधी माझे वडील येऊन आपल्या बहिणीला खांडबाऱ्याला घेऊन जात. तिथे जंगल जवळ, हवा स्वच्छ. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली, मिरचीचा हंगाम संपला, की ती परत येई. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण फुईने होळी स्वतःच्या घरी कधी बघितली नव्हती. ती गेली की फुवा एकवेळ जेवत, आणि तेही असं, की भाकरी, तिखट आणि भिंतीकडे नजर. तिची आठवण येते असं ते कोणाला म्हणाले नसते. त्या काळी तसं म्हणायची पद्धत नव्हती. नवरा-बायको एकमेकांशी बोलत तेसुद्धा मधल्या माणसामार्फत. तो मधला माणूस त्या वर्षापासून मी झालो होतो.

त्या वर्षी मिरची लवकर आली आणि वडील यायच्या आधीच फुई आडवी झाली. तीन माणसांनी धरून बसवलं तरी श्वास पुरेना. ओठ निळसर झाले. दवाखान्यातले डॉक्टर आले, त्यांनी सुई दिली, आणि ती जरा सावरल्यावर फुवांना ओट्यावर बोलावून सांगितलं, "बाई आता इथला हंगाम सोसणार नाहीत. त्यांना खांडबाऱ्यालाच ठेवा. कायमचं." फुवांनी मान हलवली. बदलीचा अर्ज त्यांनी मागे केलेला होता, त्याचं काही झालं नव्हतं. गावात दुसरं घर बघावं, तर त्या दिवसांत नंदुरबारात मिरचीचा वास नाही असं घर फक्त गावाबाहेरच्या विहिरीत मिळालं असतं.

आम्ही फुईला गाडीत बसवायला गेलो. ती खिडकीशी बसली होती, फुवा तिच्यापासून हातभर अंतरावर फलाटावर उभे होते, आणि मला सांगत होते, "तिले सांग, शाल आंगवर ले." मी सांगितलं. ती मला म्हणाली, "तुन्हा फुवाले सांग, दूध उतू जाऊ देऊ नका." मी तेही सांगितलं. तेवढ्यात वारा फिरला आणि फलाटावर मिरचीचा लोट आला. फुईने खोकत खोकत खिडकीची झडप ओढून घेतली. रेल्वेच्या डब्यांना तिरप्या लाकडी पट्ट्यांची झडप असे, तुम्ही पाहिली असेल. पट्ट्यांच्या फटींतून तिचा चेहरा दिसत होता, थोडा डोळा, थोडा गाल, थोडं कुंकू. आणि खोकला थांबला. गाडी सुटली, फलाट रिकामा झाला, हमाल घरी गेले, तरी फुवा तिथेच उभे. मग म्हणाले, "हवा तं मजार गयी. मिरची नही गयी."

मजार म्हणजे आत. तिथून हे सुरू झालं.

गावात एक म्हातारे मिस्त्रीचाचा होते. पिढ्यान्‌पिढ्या सुतारकी करणारं मुसलमान घराणं. फुवांनी त्यांच्याकडून मधल्या खोलीच्या खिडकीला डब्यासारखी झडप करून घेतली. पण गाडीचा वारा वेगळा आणि घरावर दिवसभर येणारा पथारीचा वारा वेगळा. पट्ट्या लांब लांब ठेवल्या तर मिरची सरळ आत, आणि जवळ जवळ ठेवल्या तर हवा बंद. जाड पट्ट्यांनी खोलीचा चुलाणा झाला. फुवांनी विचार करकरून ठरवलं, की पट्ट्या पुष्कळ हव्यात आणि दोन थरांत हव्यात. बाहेरच्या खाली वळलेल्या, आतल्या वर वळलेल्या. वाऱ्याला दोन वळणं घ्यायला लावली, की धूळ वाटेत पडेल आणि हवा तेवढी आत येईल. आणि एवढ्या पट्ट्या एवढ्याशा चौकटीत बसवायच्या तर त्या पातळ हव्यात. किती पातळ? फुवा आत गेले आणि फुईने करून ठेवलेला उडदाचा पापड घेऊन आले. "इतली."

मिस्त्रीचाचा पापडाकडे बराच वेळ बघत राहिले. "बाबूजी," ते म्हणाले, "ये लकडी है. भाजी जानेवाली चीज नही है." करवतीने चिरून भाकरीएवढी जाड पट्टी ते देत होते, पण पुढे तासायला घेतली तर रंध्याखाली ती वाकते, उसळते आणि मोडते, असं त्यांचं म्हणणं. शिवाय लग्नसराई होती, पलंग-पेट्यांची कामं होती. फुवांनी फारच गळ घातली तेव्हा त्यांनी आपला एक जुना रंधा दिला आणि म्हणाले, "खुद करके देखो." फुवांनी तो देवघरातल्या मूर्तीसारखा दोन्ही हातांत धरून घरी आणला. पापडाला भोक पाडून तो माप म्हणून खिळ्याला टांगला. उंदरांनी ते माप खाल्लं. दुसरा पापड टांगला.

पहिल्याच दिवशी फुवांनी पट्टी बाकावर ठेवली, डाव्या हाताच्या बोटांनी तिचं मागचं टोक दाबलं आणि उजव्याने रंधा लोटला. मिस्त्रीचाचांनी सांगितलं होतं तेच झालं. पट्टी मधोमध कमान होऊन वर आली, टचकन मोडली, आणि मोकळा सुटलेला रंधा तिरपा होऊन डाव्या अंगठ्यावर गेला. सुदैवाने नखाजवळचं मांसच गेलं. पण रक्त असं वाहिलं, की शेठजी पथारीवरून धावत आले आणि पाटावर बसून स्वतःच घेरी येऊन पडले. मी फुवांचा अंगठा बांधू का शेठजींना पाणी मारू, अशी माझी अवस्था झाली.

रविवारी आम्ही खांडबाऱ्याला गेलो. फुवांनी हात उपरण्याखाली लपवला होता. फुईने पाणी आणून ठेवलं आणि पाहताक्षणी विचारलं. मला मध्ये न घेता, थेट.

"हाताले काय व्हयनं?"

"काही नही. रंधा लागना."

"तुम्हना हातमा रंधा कोनी दिना?"

फुवांनी हात आणखी आत ओढला. मग सांगावंच लागलं. "खिडकी करी ऱ्हायनू. तुन्हासाठे."

फुई खाली बसली. ती पदराशी चाळा करत होती आणि तिचा श्वास इतक्या स्वच्छ हवेतसुद्धा जरा चढला होता. "माले खिडकी नको," ती म्हणाली. "माले तुम्हना हात जोयजे. आते लाकडाले परत हात लावा तर मन्ही आन शे."

शपथ घातल्यावर फुवा हात परत उपरण्याखाली घेऊन पानावर बसले. जेवले, निघाले. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. नंदुरबारचे दिवे दिसायला लागले तेव्हा माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तिनी नेमकं काय सांगं?"

"लाकडाला हात लावायचा नाही."

"रंधाले लावाना नही, आसं सांगं का?"

"नाही," मी म्हणालो.

फुवा एखाद्या वकिलासारखे समाधानाने मागे टेकले. रंधा फिरत असताना लाकडाला हात न लावता लाकूड तासायचं, असा खटला त्यांनी त्या क्षणी स्वतःवर घालून घेतला आणि पुढचे कित्येक महिने तो लढवला. बोटांचं वेड, चुन्याची रेघ, थाळी, लाल-हिरवी फडकी, ही सगळी त्या शपथेची पिलावळ. बायकोची शपथ मोडायची नव्हती आणि खिडकीही सोडायची नव्हती.

प्रथम त्यांनी पट्टी एका जाड फळीवर खिळ्यांनी ठोकली. रंध्याचं पातं खिळ्यावर आपटलं आणि त्याला खाचा पडल्या. मग मिस्त्रीचाचांनी पायाने दाबून धरायची जुनी रीत दाखवली. फुवांनी ती दुरूनच नाकारली. "पायनी बोटं बी बोटंच शेतस." मग फळीच्या पुढच्या टोकाला एक आडवी पट्टी ठोकून त्यांनी अडसर केला, म्हणजे लाकूड पुढे सरकणार नाही आणि मागे धरायची गरज नाही. पण अडसर लाकडापेक्षा उंच राहिला आणि रंधा दर वेळी त्यावर धडकून थांबायला लागला. अडसर खाली घेतला. आता पट्टी सरकेना, पण वाकून उसळे. तेव्हा फुवांनी पथारीवर येणाऱ्या डोंगरातल्या माणसांकडून धावड्याचा डिंक मिळवला आणि पट्टी जाड फळीला चिकटवूनच टाकली. रात्रभर वर पाटा ठेवला. सकाळी थाळी वाजली, हिरवं फडकं हललं, दोन्ही हात रंध्यावर ठेवून फुवांनी तो लोटला, आणि काय सांगू, लोण्यावरून फिरावा तसा रंधा फिरला. कुरळे छिलके पायाशी पडत गेले. पट्टी पापडाइतकी पातळ झाली. फुवांनी मला शाळेतून बोलावून आणलं.

मग ती निघेना. सुरी घातली, गरम पाणी टाकलं, उन्हात ठेवली, थोडी विनवणीही केली. शेवटी ती तुकड्यातुकड्यांनी निघाली. दुसरी निघाली नाही. तिसरी तर फळीशी एकजीवच झाली. मिस्त्रीचाचा येऊन बघून गेले. "बाबूजी," ते म्हणाले, "पट्टी पतली नही हुई. तख्ता मोटा हो गया." शेठजी पान चघळत म्हणाले, की अशाने एक दिवस फुवांचं सगळं घरच एका फळीला चिकटेल आणि तेव्हा ते सहज खांडबाऱ्याला नेता येईल. फुवा हसले नाहीत. त्यांनी रंधा पुसला, लाल फडकं लावलं आणि पुष्कळ दिवस पडवीत गेले नाहीत. त्या दिवसांत ते पुन्हा भिंतीकडे बघत जेवायला लागले. मला आत कुठेतरी वाटायला लागलं होतं, की डॉक्टरांचंच खरं होणार.

फाल्गुन सरताना आम्ही परत खांडबाऱ्याला गेलो. आमच्या ओट्यावर बायका पापड लाटायला बसल्या होत्या, फुई त्यांच्यात. फुवा खांबाला टेकून बसले आणि मला म्हणाले, "तिले सांग, आम्ही लाकडाले हात लावत नही." मी सांगितलं. "तिले सांग, पट्टी पातळ व्हस, पन डिंक सोडत नही." मी तेही सांगितलं. फुईने लाटणं थांबवलं नाही. पोळपाटावर पापड पसरत गेला, आरपार खालचं दिसेपर्यंत. मग तिने तो अलगद उचलला. त्याच्याखाली एक ओलसर फडक्याचा तुकडा होता.

"पातळ चीज पाटले चिकटसच," ती माझ्याकडे बघून, पण त्यांना म्हणाली. "मधमा काहीतरी घालाले जोयजे. लाकूड आनि फळी, दोन्हीसना मधमा कागद घाला म्हना. वरतून डिंक, खालतून डिंक. काढताना फाटी तं कागद फाटी. पट्टी काब्र फाटी?"

फुवा उठून उभे राहिले. संध्याकाळपर्यंत नंदुरबारकडे गाडी नव्हती. वडिलांनी ते सांगितलं, मी सांगितलं, बायकांनी सांगितलं. फुवा टोपी घालून स्टेशनवर जाऊन बसले. सगळी दुपार त्यांनी तिथे, गाडी नसलेल्या रुळांकडे बघत काढली. त्यांच्यासाठी पापडाच्या लाट्या मी नेऊन दिल्या.

आणि तसंच झालं. कागद मध्ये घालून चिकटवलेली पट्टी तासून झाल्यावर फुवांनी एक पातळ सुरी फळीलगत हळूच सरकवली. कागद आपल्या जाडीतच उलला, आणि पट्टी अख्खी मोकळी झाली. पाठीला निम्मा कागद होता, तो ओल्या फडक्याने पुसला. त्यांनी ती दोन्ही तळव्यांवर घेतली. उन्हात धरली तर सागाच्या रेषांतून उजेड लालसर दिसत होता. त्यांनी तिच्यावर फुंकर मारली. ती थरथरली. मग फुवांनी थाळी वाजवली, रंधा चालवायचा नसताना.

त्यानंतरचे महिने आमच्या घरात छिलक्यांचे गेले. पाणी तापवायच्या बंबात छिलके, अंथरुणात छिलके, माझ्या शाळेतल्या मुलांच्या वह्यांमध्ये छिलके, आणि एकदा वरणातसुद्धा. मालधक्क्यावर फुवांनी खिशातून पेन्सिल काढली तर तिच्याबरोबर कुरळा छिलका बाहेर येई आणि हमाल तो कानाला अडकवून हिंडत. पावसाळ्यात टांगलेला पापड सादळून माप बिघडलं म्हणून एक आठवडा काम बंद होतं. आखाजीनंतर, डॉक्टरांचं 'कायमचं' पुढच्या हंगामापर्यंत बाजूला ठेवून, फुई परत आली होती. ती पडवीत कधी डोकावली नाही, पण रोज सकाळी जेवायला वाढताना फुवांचे दोन्ही हात एकदा नीट बघे. दसऱ्यापर्यंत चौकट बसली. उलट्यासुलट्या दोन थरांच्या पातळ पट्ट्या, एकीलाही खिळ्याचं भोक नाही.

पौषात वडील रिकामी पेटी घेऊन आले. त्यांनी खिडकी बघितली, पट्टीवर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, "दाजी, काम चांगलं शे. पन मन्ही बहीणवर परीक्षा नको." ते चुकत नव्हते. मागच्या वर्षीचे निळे ओठ त्यांनीही पाहिले होते. फुवांनी मान खाली घातली.  उत्तर फुईने दिलं. "मी ऱ्हाई देखस," ती म्हणाली. "नही जमनं तं गाडी शेच."

पथारी भरली त्या दिवशी दुपारी वारा सुटला. फुई खोलीत गेली, दार लावून घेतलं. बाहेर आम्ही तिघं. वडील पेटीवर बसलेले, मी भिंतीशी, आणि फुवा दाराला कान लावून. थोडा वेळ काही नाही. मग खोकला आला. परत आला. वडील उठून उभे राहिले. फुवांचा चेहरा असा उतरला, की तसा मी त्यांचा चेहरा अंगठा कापला तेव्हाही पाहिला नव्हता. आणि आतून फुईचा आवाज आला, तुटक तुटक, पण रागावलेला.

"खिडकीतून येत नही. दारना खाले फट शे. तठून येई ऱ्हायनी."

फुवांनी अंगावरचं उपरणं काढलं, माठात बुडवलं आणि दाराच्या फटीत कोंबलं. मग आम्ही परत बसलो. खोकला एकदा झाला, मग लांबला, मग थांबला. पथारीवरून बायकांचे आवाज येत होते. खोलीत काहीच आवाज नव्हता. ती शांतता खोकल्यापेक्षा वाईट होती. दार वाजवावं तर आत काय असेल याची भीती, न वाजवावं तर तीच भीती. वडिलांनी दोनदा हात उचलला आणि खाली घेतला. मग आतून एक आवाज यायला लागला. आधी बारीक, मग खर्जातला, मग एका लयीत.

फुवांनी कान दारावर आणखी दाबला आणि आमच्याकडे वळून, एखाद्या गवयाची तारीफ करावी तशा सुरात, हळूच म्हणाले, "घोरी ऱ्हायनी."

वडील संध्याकाळच्या गाडीने रिकामी पेटी घेऊन गेले. त्या वर्षी फुईने स्वतःच्या चुलीवर खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या आणि स्वतःच्या दारातली होळी पाहिली. तोंडाला ओला पदर लावून, जरा वेळच, पण पाहिली. दमा गेला असं मी म्हणणार नाही. वाईट दिवस येत, एका वर्षी तर तिला थोडे दिवस खांडबाऱ्याला न्यावंच लागलं. पण कायमचं हा शब्द कोणी परत काढला नाही. पुढे शेठजींच्या आईसाठी तशी खिडकी झाली, मग मिस्त्रीचाचांच्या बहिणीसाठी. मिस्त्रीचाचा कागद मध्ये घालून पट्ट्या तासायला लागले आणि गिऱ्हाइकाला सांगत, की ही रेल्वेची तरकीब आहे. फुवांनी ते ऐकून घेतलं. त्यांना एवढंच हवं होतं, की मिस्त्रीचाचांनीही रंधा चालवताना लाकडाला बोट लावू नये.

मग लढाई आली, माझी दुसऱ्या गावी बदली झाली, माझे वडील गेले आणि एका पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन फुवाही गेले. मला जायला उशीर झाला. पुढच्या माघात सवड काढून मी नंदुरबारला गेलो. स्टेशनवर उतरलो तो शिंकतच. टांगेवाला हसला. इतक्या वर्षांत मी नवा झालो होतो.

फुई मधल्या खोलीत होती. खिडकीसमोर स्टूल घेऊन बसली होती आणि ओल्या फडक्याने एकेक पट्टी पुसत होती. मला बघून तिने बसायला सांगितलं, पण हात थांबवला नाही. फडकं लाल झालं होतं. ते तिने बादलीत पिळलं तर पाणीही लाल झालं. हे काम आधी फुवा करत, रोज मालधक्क्यावरून आल्यावर, असं तिने सांगितलं. पुसून झालं की फडकं तिच्यासमोर धरत आणि म्हणत, देख, इतली तुन्हा छातीमा जाती. "माले काय देखानं व्हतं त्यामा," ती म्हणाली. "पन मी रोज देखू."

मी तिला म्हणालो, की आता एकटी इथे कशाला राहतेस. खांडबाऱ्याचं घर मोठं आहे, तुझी भावजय आहे, झाडं आहेत. उद्याच्या गाडीने चल, मी सोडतो. ती नको म्हणाली नाही. घरात कोण कोण आहे ते तिने विचारलं, विहिरीला पाणी आहे का विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. पट्टीच्या मागच्या बाजूला फडकं नेताना तिची बोटं अगदी हलकी झाली होती.

"जाऊत," ती म्हणाली. "पन मिरची सरू दे."